मोजणारी माणसं, भाग ७ : दांडेकरांची मोजपट्टी

१९७१ च्या जानेवारीत, २ आणि ९ तारखेच्या लागोपाठ दोन अंकांत, मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात एक दीर्घ लेख छापून आला. लेखक दोघे, आणि दोघेही पुण्याचे: वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ. भारतात गरीब किती आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९६०-६१ च्या आकड्यांवरून त्यांनी उत्तर काढलं: खेड्यांत शंभरातले सुमारे चाळीस, शहरांत शंभरातले सुमारे पन्नास. दोन महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली आणि ‘गरिबी हटाओ’ची घोषणा देशभर दुमदुमली. लेख निवडणुकीसाठी लिहिलेला नव्हता, पण घोषणा द्यायला एक क्षण पुरतो आणि ज्यांच्यासाठी ती दिली ते किती आहेत हे सांगायला वर्षं लागतात. ती वर्षं या दोघांनी आधीच घातली होती.

गेल्या आठवड्यात आपण धनंजयराव गाडगिळांबद्दल वाचलं. त्यांनी १९३० पासून उभ्या केलेल्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेची सूत्रं १९६६ मध्ये दांडेकरांकडे आली आणि १९८० पर्यंत त्यांच्याकडे राहिली. कोथरूडहून नळस्टॉपला येऊन लॉ कॉलेज रस्त्याला लागलं की बीएमसीसी रस्त्यावरची ही संस्था लांब नाही. शेजारून रोज हजारो माणसं दुचाकीवरून जातात. आपल्या गावाकडच्या सातबाऱ्याशी, पीक विम्याशी, रेशनकार्डाशी या दगडी इमारतीचा काही संबंध आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. तो संबंध या भागात उलगडायचा आहे.

दांडेकर १९२० साली जन्मले. त्यांचं मूळ शिक्षण संख्याशास्त्राचं. अर्थशास्त्राकडे ते गणिताच्या दारातून आले, आणि ते दार त्यांनी शेवटपर्यंत उघडं ठेवलं. म्हणून त्यांची ओळख करून घ्यायची तर गरिबीच्या आधी एका छोट्या गणितापासून सुरुवात करावी लागते. जगभरच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ‘दांडेकर करेक्शन’ या नावाने भेटतं. सी. आर. राव यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध ग्रंथात त्याला जागा मिळालेली आहे.

समजा, एका वस्तीतल्या थोड्या मुलांना लस दिली, थोड्यांना दिली नाही, आणि प्रत्येक गटात किती आजारी पडली ते मोजलं. चार घरांचा तक्ता तयार झाला. लसीचा उपयोग झाला की हा नुसता योगायोग, हे ठरवायला काय-वर्ग ही कसोटी लावतात. पण माणसं कमी असली की ही कसोटी अडखळते. तिचं गणित सलग बदलणाऱ्या राशीसाठी आहे आणि मुलं तर एकेकच मोजता येतात. दांडेकरांनी सुचवलेला मार्ग असा. तक्ता आहे तसा ठेवून कसोटीचं उत्तर काढा. मग सगळ्यांत लहान घरातला आकडा एकाने वाढवा, बाकीची घरं बेरीज जुळेल अशी बदला, पुन्हा उत्तर काढा. मग एकाने कमी करून तिसऱ्यांदा काढा. या तीन उत्तरांतून दुरुस्त उत्तर बांधा. एक मूल या घरातून त्या घरात गेलं तर निष्कर्ष किती हलतो, हा प्रश्न त्यांनी सूत्रातच बसवून टाकला.

मला हा माणूस या छोट्या सूत्रात पुरता दिसतो. मोजलेल्या आकड्यावर समाधान न मानता मोजपट्टी जराशी सरकवून बघायची, ही सवय त्यांनी पुढे मोठमोठ्या सार्वजनिक प्रश्नांत नेली.

१९५५ साली कोलकात्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनी द्विपद आणि प्वासाँ या दोन वितरणांची सुधारित रूपं मांडली. नेहमीच्या सूत्रात एक घटना घडली म्हणून पुढच्या घटनेची शक्यता बदलत नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती बदलते. बाळंतपण हे सरळ उदाहरण: गर्भ राहिला की पुढचे कित्येक महिने पुन्हा राहण्याचा प्रश्नच नसतो. ठरावीक वर्षांत एका बाईला किती मुलं होतील याचं गणित मांडायचं तर हा ‘बंद’ काळ सूत्रात यायलाच हवा. दांडेकरांनी तो आणला. त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर याच संस्थेत लोकसंख्येच्या अभ्यासक होत्या, आणि त्यांच्या शास्त्रात या सूत्राला पुढे बराच उपयोग सापडला.

पण दांडेकर गणितात रमून राहिले नाहीत. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी झाली. स्वतंत्र देशाने आपल्या माणसांच्या खाण्यापिण्याचा आणि खर्चाचा हिशेब पहिल्यांदाच एवढ्या पद्धतशीरपणे घ्यायला घेतला होता. निवडलेल्या १८३३ खेड्यांपैकी ६४४ गोखले संस्थेकडे आली. बाकीच्या गावांत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कोलकात्याच्या संस्थेने तयार केलेली प्रश्नावली वापरली गेली, आणि पुण्याने आपली वेगळी केली. तिचे अहवाल ‘पूना शेड्यूल्स’ या नावाने दांडेकरांनी लिहिले. एकाच देशात, एकाच काळात, दोन प्रश्नावल्या! आज ही उधळपट्टी वाटेल, पण ज्वारी किती खाल्ली हे विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं का, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. घरच्या शेतातल्या धान्याची किंमत कोणत्या भावाने धरायची, बाजाराच्या की खळ्यावरच्या? मजुराला मिळालेलं दुपारचं जेवण कोणाच्या खर्चात मांडायचं? गरिबीवरच्या सगळ्या मोठ्या वादांचं मूळ अशा बारीक प्रश्नांत असतं, आणि दांडेकर तिथे प्रत्यक्ष हात काळे करून आलेले होते.

कुळकायद्याच्या पाहणीतही तेच दिसतं. मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा प्रत्यक्षात किती चालला, हे दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी तपासलं आणि १९५७ मध्ये अहवाल आला. कागदोपत्री कुळांना संरक्षण होतं. गावोगाव जमिनी मात्र मालकांकडे परत जात होत्या, आणि दप्तरात नोंद होती की कुळाने ‘स्वखुशीने’ जमीन सोडली. एखाद्या कुळाने खुशीने सोडली असेल तर ते समजू शकतं. पण जागोजाग, इतक्या मोठ्या प्रमाणावर कुळं खुशीने जमिनी सोडत असतील, तर कायदा पुस्तकात आहे आणि गावात नाही, असंच म्हणावं लागतं. अहवालाने ते स्वच्छ शब्दांत म्हटलं. दप्तरातली नोंद ही मोजणीची सुरुवात असते, शेवट नव्हे, हे इथे नमुन्यादाखल दिसतं.

आता गरिबीकडे येऊ. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की ती कोणीतरी, कशीतरी आखली असणार हे विसरायला होतं.

दांडेकर-रथांच्या आधीही रेषा होती. १९६२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना २० रुपये हा किमान खर्च धरला होता. त्या गटात गाडगीळही होते. पण हे वीस रुपये आले कुठून, हे नीट सांगितलेलं नव्हतं. दांडेकर आणि रथांनी हिशेब उलटा फिरवला. रुपयांपासून सुरुवात न करता त्यांनी पोटापासून केली. माणसाला रोज सरासरी २२५० कॅलरी लागतात, एवढी एक गोष्ट त्यांनी धरली. मग नमुना पाहणीतली घरं खर्चाच्या चढत्या क्रमाने लावली: सगळ्यांत गरीब तळाशी, त्याहून थोडी बरी वर, अशी. प्रत्येक थरातली माणसं तांदूळ, ज्वारी, डाळ, तेल, गूळ किती खातात ते बघून त्यातून किती कॅलरी मिळतात ते काढलं. वर जाता जाता एक थर असा येतो, जिथे माणशी २२५० कॅलरी पहिल्यांदा भरतात. त्या थरातल्या माणसांचा महिन्याचा एकूण खर्च, म्हणजे अन्नासोबत कपडे, सरपण, दिवाबत्ती, औषधपाणी सगळं धरून, तीच रेषा. खेड्यांत ती माणशी सुमारे १५ रुपये आली आणि शहरांत साडेबावीस.

या पद्धतीची ताकद लक्षात घ्या. गरिबाने काय खावं हे इथे कोणी आहारतज्ज्ञ सांगत नाही. स्वस्तात स्वस्त सोयाबीन आणि नाचणी खाऊन कॅलरी भरता येतील, असं गणित मांडलं असतं तर रेषा कितीतरी खाली आली असती आणि सरकारला ती आवडलीही असती. दांडेकर-रथांनी लोक प्रत्यक्षात जे खातात तेच धरलं. चहासाठी साखर, सणाला गोडधोड, पाहुण्यासाठी चार पैसे, हे सगळं त्या पंधरा रुपयांत आलं. गरिबालाही आपल्या चालीरीतीने जगण्याचा हक्क आहे, हे त्यांनी भाषणात न सांगता पद्धतीतच मानलं.

लेखाचा दुसरा निष्कर्ष कमी गाजला, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. नियोजनाच्या त्या दशकात जी काही थोडी वाढ झाली ती मधल्या आणि वरच्या थरांना मिळाली. खेड्यातल्या तळाच्या माणसाची स्थिती जागच्या जागी राहिली, आणि शहरातल्या तळाच्या पाचव्या हिश्शाची उलट खालावली. यावर त्यांचं स्पष्टीकरण असं होतं की शहरातले गरीब हे मुळात खेड्यातलेच गरीब आहेत. तिथे मावेनात म्हणून इकडे आले.

कोथरूडकरांना हे पुस्तकात वाचायची गरज नाही. लेख छापला तेव्हा इथे बरीच शेतं होती, ओढे वाहत होते आणि किर्लोस्कर कमिन्ससारखे कारखाने नुकते रुजत होते. आता सुतारदऱ्यात, किष्किंधानगरात टेकडीच्या उतारावर घराला घर चिकटलेलं आहे. डहाणूकर कॉलनीच्या आणि मयूर कॉलनीच्या स्वयंपाकघरांत सकाळी ज्या बायका कामाला येतात त्यांना गाव विचारून बघा. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या तालुक्यांची नावं ऐकू येतील, आणि गाव सोडण्याचं कारण विचारलं तर बहुतेक वेळा पाणी किंवा कर्ज निघेल. शहरातली गरिबी शहरात हटवता येणार नाही, तिचा उपाय गावात आहे, हे दांडेकर-रथांचं म्हणणं त्यांच्या उत्तरांतून अजून ऐकू येतं.

उपाय म्हणून त्यांनी सुचवलं ते काम. जमिनीचं फेरवाटप केलं तरी सगळ्यांना पुरेल एवढी जमीनच नाही. तेव्हा ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढून मागेल त्याला किमान मजुरीवर काम द्या आणि त्याचा पैसा वरच्या थरांच्या खर्चातून उभा करा. यातला दुसरा भाग ऐकायला राजकारणी फारसे उत्सुक नव्हते. पहिल्या भागाची मात्र महाराष्ट्रात स्वतंत्रपणे तयारी चालू होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात १९६५ पासून या कल्पनेचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात तिला बळ आलं आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. श्रेय पाग्यांचं, ते कोणी हिरावू नये. पण रोजगार हमी म्हणजे दुष्काळी मदत नसून गरिबीवरचा कायमचा इलाज आहे, हा युक्तिवाद आकड्यांच्या पायावर उभा राहिला तो पुण्यात.

रेषा आखली गेली आणि तिच्यावर हल्ला झाला. तो पुण्यातूनच झाला, आणि करणारा माणूस साधासुधा नव्हता.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जागतिक अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी अनेक वर्षं संख्याशास्त्र विभाग सांभाळला होता आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात येऊन राहिले होते. त्यांचा आक्षेप दांडेकरांच्याच शास्त्रातला होता. २२५० ही सरासरी आहे, सुखात्मे म्हणाले. एका निरोगी माणसाचीही गरज रोज बदलते, आणि कमी खाण्याशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. मग सरासरीच्या खाली जेवणारा प्रत्येक माणूस कुपोषित कसा? सरासरीच्या आसपास स्वाभाविक चढउतार असतात. त्या चढउतारांच्या खालच्या टोकाशी रेषा ओढली पाहिजे. तशी ओढली की उपाशी माणसांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली घसरतं.

दांडेकरांसाठी हा पेच होता, कारण मोजपट्टी थोडी सरकली की निष्कर्ष किती हलतो हा तर त्यांचाच जुना प्रश्न. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून १९८२ पर्यंत हा वाद त्याच साप्ताहिकाच्या पानांवर चालला. दांडेकरांचं उत्तर थोडक्यात असं: उपासमार मोजणं हे एक काम आणि गरिबी मोजणं हे दुसरं. रेषेखालचा प्रत्येक माणूस कुपोषित आहे असं आम्ही म्हटलेलंच नाही. समाज ज्याला पुरेसं अन्न समजतो ते मिळवण्याएवढी कमाई त्याच्याकडे नाही, एवढंच आम्ही मोजलं. कमी अन्नात शरीर तग धरतं म्हणून माणूस गरीब नाही, असं होत नाही.

मी दांडेकरांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. शरीराने जुळवून घेतलं याची किंमत कोण मोजतं? कामाचा वेग मंदावतो, मूल खुरटतं, बाई दुपारी दोन तास पडून राहते. पण सुखात्म्यांमुळे एक गोष्ट सगळ्यांना कळली, आणि तिचं मोल मोठं आहे: कॅलरीच्या एका आकड्यावर गरिबीचा सगळा डोलारा उभा करता येत नाही. पुढे १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या गटाने खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० कॅलरी धरून रेषा सरकारी केली. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीशी असलेलं हे नातं तोडलं आणि शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्च हिशेबात धरला. ती गोष्ट पुढच्या आठवड्यात.

सुखात्म्यांशी दांडेकरांचं एक वेगळं नातंही आहे, आणि ते वादापेक्षा जास्त टिकलं.

१९७६ साली दांडेकरांनी पीक विम्यावर लेख लिहिला. तोपर्यंत या विषयाची गाडी एकाच जागी रुतत होती. विमा प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा करायचा तर प्रत्येक शेत बघावं लागणार. नुकसान पावसाने झालं की दुर्लक्षाने, हे ठरवायचं कोणी? विमा आहे म्हणून फवारणी टाळणारा शेतकरी निघाला तर? आणि ज्यांचं पीक दर दोन वर्षांनी बुडतं तेच विमा घेणार, बाकीचे फिरकणार नाहीत, मग कंपनी चालणार कशी? गुजरातमध्ये १९७२ पासून कापसावर असा वैयक्तिक विमा करून बघितला होता. तो तुरळक शेतकऱ्यांपलीकडे गेला नाही.

दांडेकरांनी मोजायची वस्तूच बदलली. शेतकरी मोजू नका, परिसर मोजा, असं त्यांचं म्हणणं. एकसारखी जमीन, एकसारखं हवामान, एकच पीक असलेला टापू घ्या. त्या टापूचं सरासरी उत्पादन यंदा नेहमीपेक्षा घसरलं तर टापूतल्या प्रत्येक विमाधारकाला त्याच प्रमाणात भरपाई द्या. ज्याने जास्त कष्ट केले त्याचं जास्तीचं पीक त्याच्याच घरात राहील. फवारणी टाळून कोणाला फायदा होणार नाही, कारण एका शेताने टापूची सरासरी हलत नाही. आणि प्रत्येक बांधावर जाऊन पंचनामा करण्याची गरज उरत नाही.

आजच्या भाषेत उदाहरण घेऊ. समजा, एका महसूल मंडळात सोयाबीनचं गेल्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांचं सरासरी उत्पादन हेक्टरी १५ क्विंटल आहे आणि जोखीमस्तर ७० टक्के. मग उंबरठा उत्पादन झालं साडेदहा क्विंटल. यंदा मंडळात निघालं सात. तूट साडेतीन क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या एक तृतीयांश. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये असेल तर मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी २०,००० रुपये मिळतात. तुमच्या शेतात पाच क्विंटल निघालं असो की बारा, रक्कम तीच.

या कल्पनेवर सर्वसाधारण विमा महामंडळाने १९७९ मध्ये प्रायोगिक योजना आणली. १९८५ च्या खरिपात ती देशव्यापी झाली, १९९९-२००० मध्ये तिचं नाव आणि रूप बदललं, आणि २०१६ पासून ती प्रधानमंत्री पीक विमा योजना म्हणून चालते. सरकारं बदलली, गाभा दांडेकरांचाच राहिला. मात्र प्रत्येक वेळी तो थोडा वाकवला गेला. १९८५ च्या योजनेत देशभर एकच हप्ता ठेवला: तृणधान्यांना दोन टक्के, डाळी आणि तेलबियांना एक टक्का. जिथे जोखीम जास्त तिथे हप्ता जास्त, हा विम्याचा मूळ नियमच त्यात बुडाला. टापू म्हणून अनेकदा अख्खा तालुका धरला. डोंगरकुशीतली कोरडवाहू जमीन आणि कालव्याखालची जमीन एका सरासरीत कोंबली की ‘एकसारखा टापू’ या अटीत काय उरतं? ज्याचं बुडालं त्याला काही नाही आणि ज्याचं पिकलं त्याला भरपाई, ही तक्रार शेतकरी आजही करतो ती तिथून येते. कल्पनेत ही उणीव काही अंशी राहणारच, पण टापू जितका मोठा तितकी ती वाढते.

आणि टापूचं उत्पादन मोजायचं कसं? पीक कापणी प्रयोगाने. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं, तोलायचं. ही पद्धत देशात घट्ट रुजवली ती चाळिशीच्या दशकात सुखात्म्यांनी. महालनोबिसांचा कल लहान तुकडे घेण्याकडे होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की कडेवरची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. गरिबीच्या प्रश्नावर ज्यांचं कधी जमलं नाही त्या दोघांचं काम आज राज्यातल्या प्रत्येक मंडळात एकाच शेतात उभं असतं: विम्याची कल्पना दांडेकरांची, चौकोनाचं शास्त्र सुखात्म्यांचं.

दांडेकरांची तिसरी मोजपट्टी महाराष्ट्राच्या राजकारणात सगळ्यांत जास्त बोलली जाते. प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी राज्य सरकारने १९८३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अहवाल १९८४ मध्ये आला. पद्धत अशी की सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याची तूट मोजायची, आणि ती भरून काढायला किती पैसे लागतील ते लिहायचं. हाच अनुशेष. एकूण ३१८६.७८ कोटी रुपये: विदर्भाचा १२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा ११८९.३८ कोटी.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. मागासलेपणाची चर्चा विदर्भ-मराठवाड्याभोवती फिरत होती, आणि जिल्हावार मोजल्यावर उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्यालाही ३७ टक्के अनुशेष निघाला. विदर्भातल्या अनेकांना हे रुचलं नाही, आणि त्यांच्या नाराजीला आधार होता: ज्यांच्या हातात सत्ता राहिली त्या भागानेही गरिबांच्या रांगेत उभं राहायचं का? पण कोकणातल्या किंवा दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाने प्रदेशाच्या सरासरीत हरवून जायचं का, हाही प्रश्न तितकाच खरा. विम्यात टापू मोठा केला की कोरडवाहू शेतकरी हरवतो, अनुशेषात प्रदेश मोठा धरला की जिल्हा हरवतो. दांडेकरांनी दोन्हीकडे लहान एकक निवडलं. सरकारने अहवाल औपचारिकपणे कधी स्वीकारला नाही, तरी १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली ती याच चर्चेच्या रेट्यातून. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

दांडेकर वादात रमणारे होते. गायीगुरांच्या संख्येवर त्यांनी १९६९ मध्ये के. एन. राज यांच्यासारख्या मातब्बरांशी दोन हात केले. त्याआधी १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या नियतकालिकात शेतीतल्या अतिरिक्त माणसांच्या प्रश्नावर त्यांनी सिद्धांताच्या पातळीवर लिहिलं होतं. गोखले संस्थेतून निवृत्त झाल्यावर ‘इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या आपल्या संस्थेतून त्यांनी १९८९ मध्ये नवं नियतकालिक सुरू केलं आणि १९९५ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. त्यांचे सहकारी रथ मूळ ओडिशाचे. त्यांनी १९८५ मध्ये सरकारच्या कर्जवाटपाच्या ग्रामीण योजनेची अशीच झडती घेतली. गरिबाला म्हैस देऊन गरिबी हटते का, हे त्यांनी हिशेबाने तपासलं आणि उत्तर निराशाजनक आलं. पुण्याची ही शाळा होती: सरकारसाठी काम करायचं, सरकारी आकडे वापरायचे, आणि निष्कर्ष सरकारला आवडेल की नाही याची पर्वा करायची नाही.

त्यासाठी एक गोष्ट मात्र लागते: आकडे लोकांसमोर असावे लागतात. दांडेकर-रथांचा लेख लिहिला गेला कारण नमुना पाहणीचे तक्ते कोणाही अभ्यासकाला उघडता येत होते. २०१७-१८ ची घरखर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चे आकडे आले. मधल्या दहा वर्षांत नोटबंदी झाली, करोना आला, आणि त्या काळात तळाच्या माणसाचं काय झालं याचं सलग उत्तर आज देशाकडे नाही. सरकारने मान्य केलेली ताजी दारिद्र्यरेषाही नाही. रेषा चुकीची असली तर तिच्याशी भांडता येतं, जसं सुखात्मे दांडेकरांशी भांडले. जी रेषा आखलीच गेली नाही तिच्याशी कोणी भांडू शकत नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त खटकतं.

आता वाचकांना एक विनंती. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची गावाकडे थोडीफार जमीन आहे, भाऊ किंवा काका ती बघतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा मिळू लागला, २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली, आणि त्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर आणण्यात आली. म्हणजे दांडेकरांची मोजपट्टी आता आपल्या मंडळाच्या शेतात लागणार आहे. तुमच्या गावात प्रयोग कोणत्या शेतात आणि कधी होणार हे कृषी सहायकाला किंवा तलाठ्याला विचारून ठेवा, घरच्या माणसांना त्या दिवशी तिथे उभं राहायला सांगा, आणि चौकोन नीट आखला जातो का, तोललेलं वजन जागेवरच लिहिलं जातं का, ते बघा. शक्य असेल तर स्वतः जा.